बिशपआजोबांचा जांभळा शर्ट

पार्किंगच्या कट्ट्यावरचे किस्से म्हणजे गल्लीतली कुत्री. एकाला हाक मारा, सगळे येतात! त्यातले निम्मे बी-विंगच्या बिशपआजोबांचे. बिशप म्हणजे सगळ्या पाद्र्यांचा साहेब. आजोबा रिटायर होऊन विश्रांतवाडीत आमच्या सोसायटीत आलेले. आता मुलीकडे नाशिकला गेलेत. कट्ट्यावरची त्यांची जागा अजून कोणी घेत नाही. आमच्यातला पक्या बसला होता एकदा, मीच उठवला.

मी दहावीत गणितात उडालो तेव्हा म्हणाले, "मांजरी गावात माझं पहिलं प्रवचन. दुसरं वाक्यच आठवेना. म्हटलं, आमेन! लोक इतके खूश, पुन्हा बोलावलं!"

*

रिटायर बिशपनं जुन्या चर्चमध्ये नव्या बिशपनं बोलावल्याशिवाय उपासना घ्यायची नाही, असा नियम.

पक्या म्हणाला, "म्हणजे ग्राउंडवर बंदी?"

"बंदी कसली? प्रेक्षकांत बसायचं, अंपायरिंग करायचं नाही. तेच जमत नाही रे!"

दर रविवारी ते दहा वाजता घड्याळ बघायचे. बोलावणं काही यायचं नाही.

*

एकदा आम्ही त्यांची काठी लपवली. म्हणाले, "बिशपची मोठी काठी चर्चमध्ये ठेवून आलो. ही चालायची आहे. हिला तरी सोडा, गाढवांनो."

लगेच दिली.

*

सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्यावरून राडा. आजोबा उठले आणि सवयीनं बोलून गेले, "आपण प्रार्थना करू या." सगळे गप्प! सेक्रेटरीकाकांनीसुद्धा डोळे मिटले. उघडले तेव्हा प्लेटमधले वडे गायब.

आजोबा माझ्या फुगलेल्या गालांकडे बघत म्हणाले, "प्रार्थना ऐकली गेलीये. कुणाची, ते बघा!"

*

मग एका शनिवारी मी पक्याच्या मोबाईलवरून, आवाज जाड करून फोन केला. "बिशप ऑफिसमधून बोलतोय. उद्या दहाची उपासना आपण घ्यावी, ही विनंती."

पलीकडून हळूच, "येतो."

संध्याकाळी त्यांच्या बाल्कनीत जांभळा शर्ट वाळत होता. बिशपचा.

"जा, सांग त्यांना," पक्या म्हणाला.

"तू जा."

कोणीच गेलं नाही.

रविवारी ते खाली आमच्या कट्ट्यावर आले. कडक इस्त्री, हातात बायबल. माझी पार फाटलेली.

"आजोबा, सॉरी... तो फोन..."

"माहितीये. ऑफिसवाले 'च्यायला, लागला!' म्हणून सुरुवात करत नाहीत."

मग घड्याळ बघितलं. चष्मा लावला.

"दहा वाजलेत. मोबाईल बंद करा आणि उभे राहा."