साध्या कपड्यातला सॅल्यूट

सैन्यात असताना नव्या जवानांची कवायत त्यांच्याकडे होती, म्हणून सगळे त्यांना उस्ताद म्हणत. निवृत्त होऊन घरी आले तरी कवायत काही अंगातून उतरली नाही. दुधाची पिशवी आणायला निघाले तरी ताठ, जिना उतरतानाही टाचा वाजायच्या. बायको म्हणायची, हे घरात आले की खुर्च्यासुद्धा रांगेत उभ्या राहतात.

एका गोष्टीवरून मात्र त्यांचं माजी सैनिकांच्या संघटनेत कुणाशी पटत नसे. संघटनेच्या आवारात एक छोटं स्मारक होतं. वर्षातून एकदा दिवंगत सोबत्यांना मानवंदना द्यायला सगळे तिथे जमत. बिगुल वाजला की शर्ट-पँटमधले म्हातारे खाडकन हात कपाळाला नेत आणि उस्तादांच्या कपाळावर आठी पडे. सॅल्यूट गणवेशाचा आणि टोपीचा असतो, साध्या कपड्यात माणसाने सावधान उभं राहावं, असं त्यांचं म्हणणं. गणवेश परत करून आलो, तेव्हा त्याच्याबरोबरचा मानही तिथेच ठेवायचा. घरी आणून मिरवायचा नाही.

याच कारणावरून आचाऱ्याशी वाजलं. आचारी त्यांच्याच पलटणीतला. तिथे भटारखाना सांभाळला, आणि आता बस डेपोचं कँटीन चालवत होता. गेल्या वर्षी तो कँटीनमधून तसाच धावत आला आणि कमरेला एप्रन असतानाच त्याने सॅल्यूट ठोकला. उस्तादांनी त्याला चारचौघांत झापलं. आचाऱ्याने ऐकून घेतलं आणि मग तो एवढंच म्हणाला, "साहेब, गणवेशात होतो तेव्हा सगळी परेड मी भटारखान्याच्या खिडकीतून बघितली. तेव्हाचं राहिलेलं आता करतो."

उस्तादांना राग जास्तच आला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

त्यानंतर काही महिन्यांनी, सकाळी दाढी करता करता, उस्तादांच्या हातातून वस्तरा गळून पडला. खाली वाकून उचलायला गेले आणि तेच कोसळले. जीव वाचला, जीभ थोडी जड झाली, उजवं अंग लुळं पडलं. पाय हळूहळू ऐकायला लागला. हात मात्र छातीपर्यंत यायचा आणि तिथेच अडून बसायचा.

व्यायामासाठी लेक त्यांना रोज दवाखान्याच्या तळमजल्यावर न्यायची. तिथे धरून चालायचे दोन समांतर दांडे होते, भिंतीला लाकडी शिडी होती, छताला कप्पी टांगलेली होती. व्यायाम करून घेणाऱ्या बाई लेकीच्याच वयाच्या, स्वभावाने गोड पण कामात कडक. एक दिवस त्या सहज म्हणाल्या, काका, सॅल्यूट करतात तसा न्या बरं हात कपाळाकडे. उस्तादांनी स्वतःच्या पायजम्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. लेक वैतागली. इथे कोण तुमची तपासणी करायला बसलंय, म्हणाली. दुसऱ्या दिवशी उस्तादांनी यायलाच नकार दिला आणि तोंड भिंतीकडे करून पडून राहिले.

बायकोने कुणाला न सांगता आचाऱ्याला फोन केला. दुपारची गर्दी ओसरल्यावर तो आला. भांडणाचा विषय त्याने काढलाच नाही. "साहेब, चला, रिक्षा खाली थांबलीय," एवढं म्हणून त्याने त्यांच्या पायात चपला सरकवल्या. असा तो रोजच यायला लागला. उस्ताद त्याच्याशी बोलत नव्हते, पण तो येईपर्यंत दाराकडे बघत बसत, हे बायकोच्या नजरेतून सुटलं नाही.

एका दुपारी, लेक आणि बाई बघत असताना, उस्ताद दांड्यांना हात न लावता या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. पलीकडे आचारी उभा होता, एप्रनसकट. समोर ताठ उभे राहिलेले उस्ताद बघून त्याने टाचा जुळवल्या आणि सॅल्यूट केला. बोटं फाकलेली, कोपर पडलेलं. इतका वाईट सॅल्यूट उस्तादांनी जन्मात पाहिला नव्हता.

आचारी हात खाली घेईना. उस्तादांनी हजारो पोरांना शिकवलं होतं, की आलेला सॅल्यूट घ्यायचाच, उलट सॅल्यूट करूनच. न घेणं म्हणजे समोरच्याचा अपमान. पायजम्यातल्या माणसाने काय करायचं, हे मात्र कधी शिकवलं नव्हतं. हात छातीपर्यंत आला, अडला. मग खांद्याच्या वर गेला आणि बोटं वेडीवाकडी भुवईला लागली.

"कोपर," उस्ताद जड जिभेने म्हणाले. "कोपर उचल, गाढवा."

आचारी हसत होता आणि एप्रनने डोळे पुसत होता. बाईंना त्यातलं काही कळलं नाही. त्या आनंदाने लेकीचा दंड धरून, बघ, हात खांद्याच्या वर गेला, असं सांगत राहिल्या.

पुढच्या मानवंदनेला उस्ताद बायकोबरोबर काठी टेकत गेले. त्यांना पाहून, पुन्हा झापतील म्हणून, काहींनी खिशात हात घातले. कुणीतरी चेष्टेने विचारलंही, उस्ताद, यंदा काय हुकूम?

उस्ताद स्मारकासमोर येऊन उभे राहिले. "माझं मत बदललेलं नाही," ते म्हणाले. "पण मत माझं आहे, हात तुमचे आहेत. ज्याला वाटेल त्याने करा. पण करायचा तर नीट करा."

मग काठीच्या टोकाने एकेकाचे खांदे सरळ करत ते रांगेतून फिरले. कितीतरी वर्षांनी त्यांच्यापुढे रांग उभी होती, आणि म्हातारे शाळकरी पोरांसारखे हसू दाबत होते. बिगुल वाजला तेव्हा बरेच हात वर गेले. उस्तादांनी काठी बायकोकडे दिली आणि ते आधाराशिवाय सावधान उभे राहिले, हात मांडीला चिकटवून. शेजारी आचाऱ्याने सॅल्यूट केला, आणि दोघांपैकी कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

परतताना सगळे कँटीनवर थांबले. उस्तादांनी चहाचा कप उजव्या हाताने उचलला. अर्धा पोटात गेला, अर्धा नव्या शर्टावर. बायको रुमाल घेऊन पुढे झाली, पण त्यांनी मानेनेच नको म्हटलं आणि आचाऱ्याला आणखी एक कप आणायला सांगितलं.