चौथ्या बाजूचं माकड

मी सोलापुरात आर्किटेक्चर शिकवते, आणि पीएच.डी.चं घोंगडं मी सहा वर्षं भिजत ठेवलं होतं. विषय काय, तर जुन्या देवळांच्या छतावरची दगडी वेलबुट्टी आणि आपल्या चादरीवरची नक्षी एकमेकींच्या कोण लागतात. माझे गाइड सर देवळांचे पक्के. चादरीचं प्रकरण काढून टाका म्हणाले, एक ना धड भाराभर चिंध्या. असा राग आला मला! पण नुसतं 'हे त्याच्यासारखं दिसतं' एवढ्यावर पदवी कोण देणार? महिनाभरात ठोस काही दाखवलं नाही तर ते प्रकरण जाणार होतं, आणि माझा सगळा जीव त्यातच होता.

शेवटी गल्लीतल्या मामांना गाठलं. विणकराचं तेलुगू घर. मागासाठी चादरीची नक्षी चौकटीच्या कागदावर उतरवण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. आता ते काम कॉम्प्युटर करतो आणि मामा दारात बसून पेपर वाचतात. त्यांच्यापुढे मी माझं लाडकं चित्र पसरलं. तालुक्यातल्या एका देवळाचं छत, चारी कडांना फुलांची पट्टी. वाटलं, कौतुक करतील.

मामांनी बोटानं फुलं मोजली. मग म्हणाले, "अम्मा, ही बाजू तुझ्याच आकड्यानं वीतभर आखूड हाय. फुलं मात्र चौदाच्या चौदा. मावली कशी?"

मी तोऱ्यात सांगितलं, शिडीवर चढून स्वतः मोजलंय. फुलं किती बाजूंची मोजली, त्यांनी विचारलं. एका बाजूची. आता काय सांगू! आमच्यात तसंच करतात. छताच्या चारी कडांची मापं घ्यायची, नक्षी मात्र एकाच बाजूची उतरवायची आणि उरलेल्या तीन तशाच काढून मोकळं व्हायचं. चारी बाजूंची नक्षी सारखीच असणार, हे आम्ही न बघताच धरून चालतो.

रविवारी मामांना घेऊन एसटीनं देवळात गेले. टॉर्च मारला. चौथ्या बाजूला फुलं तेराच, आणि उरलेल्या चिंचोळ्या जागेत गुडघे पोटाशी घेऊन एक माकड बसलेलं. सहा वर्षं मी त्याच्याखाली उभी राहत होते की! मामा मान वर करून इतके हसले की पुजारी बघायला आला. कारागिराचं फूल बसेना म्हणून त्यानं माकड बसवलं, म्हणाले, काठाला जागा कमी पडली की आमीबी कोपऱ्यात असंच कायतरी घुसवतो. दगडवाला आणि चादरवाला एकाच ठिकाणी अडले होते आणि एकाच युक्तीनं सुटले होते. माझं प्रकरण मला सापडलं. आनंदानं मी तिथंच मामांच्या पाया पडले.

नवं चित्र घेऊन सरांकडे गेले ती मामांना सोबत घेऊनच. सरांनी चष्मा लावून माकड बघितलं. या देवळावर त्यांचा स्वतःचा जुना लेख होता आणि त्यातही चारी बाजूंना चौदाच फुलं होती. प्रकरण राहू द्या, एवढंच म्हणाले.

आमच्या चित्रांच्या कोपऱ्यात 'तपासणारे' अशी चौकट असते. तिथं गाइडची सही लागते. सरांनी पेनाचं टोपण काढलं, थांबले, आणि पेन मामांपुढे धरलं. "सही तुमची. मी हे तपासलं नव्हतं."

मामांनी चारी बाजूंची फुलं पुन्हा एकदा बोटानं मोजली, आणि मगच तेलुगूत सही केली.