इस्त्री नको, वहिनी

दोघा भावांचं ते भांडण वहिनीने जिन्यात उभं राहून ऐकलं होतं. खाली धाकट्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, वर तिचा संसार, वीज मात्र दोघांत एकच. धाकटा एका स्वस्तातल्या मदरबोर्डमध्ये नवं बायोस, म्हणजे कॉम्प्युटरला जागं करणारा प्रोग्राम, भरत होता आणि वर थोरल्याने शर्टासाठी इस्त्री लावली. फ्यूज उडाला, बोर्ड गेला.

"दादा, महागड्या बोर्डात राखीव चिप असते, यात एकच. अर्धं लिहून वीज गेली की तो पुन्हा जागाच होत नाही."

"एवढ्याशा पत्र्यासाठी मला शिकवतोस?"

त्या दिवसापासून थोरल्याने खाली जाणं सोडलं, धाकट्याने वर जेवणं. अडून बसण्यात दोघे एकाच आईचे.

एवढं मात्र राहिलं, की बायोसचं काम असलं की धाकटा वर यायचा. दाराबाहेरूनच म्हणायचा, "वहिनी, अर्धा तास इस्त्री नको." मग खाली जाऊन बोर्डाच्या कोपऱ्यातला बारीक नंबर भिंगाने वाचायचा, जुन्याची प्रत काढून ठेवायचा, मगच नव्याला हात. कॉम्प्युटर सुरू होताना स्वतःचा फोटो दिसावा म्हणणारं हौशी गिऱ्हाईक आलं, तर प्रती दोन. काम झालं की जिन्यातून हाक यायची, "झालं."

थोरला गेला. घरात इस्त्रीचे शर्ट उरले नाहीत. वहिनीने इस्त्री माळ्यावर टाकली. धाकट्याला ते सांगितलं नाही. दाराशी येणारं दुसरं होतं कोण?

एकदा सगळ्या गल्लीची वीज गेली. वहिनी मेणबत्ती घेऊन खाली उतरली, तर धाकट्याचा दिवा आणि कॉम्प्युटर दोन्ही चालू. टेबलाखाली बॅटरीचा खोका, त्यावर चांगली जुनी धूळ. म्हणजे इस्त्रीची भीती याला केव्हाचीच उरली नव्हती. त्याने तिची नजर पाहिली आणि स्क्रूड्रायव्हर उगाच पुसत बसला. पेटलेल्या दिव्याशेजारी मेणबत्ती ठेवून ती वर आली. आता हा लाजून यायचा थांबला तर, या विचाराने तिला घास गोड लागेना. जिन्यात पाऊल वाजलं की कान दाराकडे, आणि पाऊल दुसऱ्याच कुणाचं.

पुढच्या आठवड्यात दार वाजलं.

तसा तो मग कितीतरी वर्षं येत राहिला. ज्या रात्री झोपेतच गेला, त्या दिवशी दुपारीही आला होता. जिना चढून धाप लागलेली.

"वहिनी, अर्धा तास इस्त्री नको."

"बरं भावजी, काढते." ती आत गेली, रिकाम्या प्लगचं बटण खाली-वर केलं, त्याला ऐकू जाईल असं.

अर्ध्या तासाने जिन्यातून हाक आली, "झालं."