आत्याचा टँकर आणि माझ्या सात भाषा

आमच्या आत्यानं आयुष्यात एकदाही चूक कबूल केली नव्हती. सरकारी दवाखान्यात ती तीस वर्षं नर्स होती. डॉक्टरांच्या चुका काढण्यात स्वतः चुकायला तिला सवड मिळाली नसावी. भाजी खारट झाली तर मिठाची कंपनी बदललेली असायची, बस चुकली तर ती वेळेआधी गेलेली असायची. एकदा उदगीर स्टेशनात ती लातूरऐवजी बिदरच्या गाडीत चढली. बिदरला उतरल्यावर म्हणाली, "इथला किल्ला बघायचाच होता मला." आणि खरंच बघून आली.

त्या वर्षी मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि कॉम्प्युटरची कोणती भाषा धरावी, या विवंचनेनं निम्मा झालो होतो. सीनियर 'जावा शीक' म्हणत. क्लासवाले ज्या भाषेची बॅच भरायची राहिली असेल ती सांगत. मी आठ-आठ दिवस एकेक शिकून सोडत होतो. सुट्टीत उदगीरला आलो, तर वडील म्हणाले, "जरा थांब. उदगीर जिल्हा होणार म्हणायलेत सगळे. कलेक्टर कचेरी आली की तिथं काय लागतं ते बघून शीक."

"जिल्हा हुईल तवा हुईल," पलीकडच्या गल्लीतून आलेली आत्या म्हणाली. "टँकर परवा हाय."

दुष्काळच तसा होता. आठवड्यातून दोनदा टँकर, गल्लीत एकवीस घरं, आणि शेवटच्या घराच्या वाट्याला तळाचं गढूळ पाणी, तेही घागरभर. त्यामुळं पहिल्या नंबरावरून दर खेपेला डोकी फुटायची बाकी राहायची.

"किती भाषा येतात रे तुला?"

"सात."

"मग एकीत तरी आमच्या गल्लीची यादी कर की. मशीननं नंबर सांगितला तर कुणी भांडणार न्हाई."

मला एकीतही जमेना. हे तिला सहन झालं नाही. तिनं चष्मा पुसला, माझा जुना लॅपटॉप ओढून घेतला आणि माझ्या वहीतल्या सातही भाषा भाजी निवडावी तशा पाहून पायथन उचलली. का, तर "हिच्यात कंस कमी हायत." चार वर्षांच्या कॉलेजात इतकं स्वच्छ कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. मग ती टँकरच्या रांगेत पालथ्या घागरीवर वही ठेवून धडे गिरवायची आणि अडलं की मला नांदेडला फोन करायची. ती आपल्या पुढं जाईल या धास्तीनं मी आयुष्यात पहिल्यांदा एका भाषेला नवव्या दिवशीही चिकटून राहिलो.

तिची पहिली यादी अक्षरक्रमानं निघाली. दर खेपेला आगलावे पहिले आणि हणमंते शेवटी. हणमंतेकाकू रिकामी बादली घेऊन दारात आल्या. आत्या म्हणाली, "माझं बराबर हाय. बाराखडीच कुणीतरी चुकीची मांडली." पण चार दिवस ती नीट जेवली नाही. मला फोनही न करता तिनं नावं फिरती केली: आज जो पहिला, तो पुढच्या खेपेला शेवटी. गल्लीतली भांडणं थांबली. मी तसलीच यादी होस्टेलच्या आंघोळीच्या पाळीसाठी लिहिली. नोकरीच्या मुलाखतीत "काय केलंयस?" विचारलं, तेव्हा सात भाषांबद्दल गप्प बसलो आणि ती आंघोळीची यादी सांगितली. तेवढ्यावर नोकरी लागली.

उदगीर अजून जिल्हा झालेलं नाही. पाऊस मात्र पुढं झाला, यादीची गरज संपली. परवा सुट्टीत तिच्याकडं गेलो तेव्हा तो लॅपटॉप सहज उघडला आणि आत्याचा प्रोग्रॅम पहिल्यांदाच ओळीनं वाचला. फिरत्या यादीत नावं वीसच होती. एकविसावं, तिचं, खाली वेगळ्या ओळीत लिहिलेलं, जागचं न हलणारं.

"आत्या, तुझं नाव फिरतच नाही गं. तो सगळा उन्हाळा तू शेवटीच होतीस."

ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हाव का? चुकलं असंल माझं."

मी लॅपटॉप मिटला आणि तिच्याजवळ मेथी निवडायला बसलो.