कर्फ्यूतली बाळंतीण

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत चंपामावशी राहायची. गिरणीत वायंडिंगला, सूत गुंडाळायच्या कामावर होती. कुत्र्यामांजरांचं तिला फारसं वेड नव्हतं. जिन्याखाली बसणाऱ्या काळ्या कुत्रीला उरलीसुरली भाकरी टाकायची, एवढंच.

छप्पन सालच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली. गोळीबार झाले, कर्फ्यू लागला. त्याच दिवसांत काळी अडली. पहाटेपासून कळा देत होती, पण पिल्लू बाहेर येईना. दुपारी ती ओरडायचीही थांबली.

मावशीनं जुन्या लुगड्याची झोळी करून काळीला तीत ठेवलं. नवरा कोंडीराम म्हणाला, "बाहेर गोळ्या चालल्यात. कुत्रीपायी जीव देतेस?"

"मग मरताना बघत बसू?"

त्यानं झोळीचं दुसरं टोक धरलं.

रस्ताभर दगड आणि काचा पडल्या होत्या. एकाही गिरणीचा भोंगा नाही, माणसाचा आवाज नाही. करीरोडच्या पुलाशी शिपायानं अडवलं.

"झोळीत काय?"

"अडलेली हाय. परळला दवाखान्यात नेतोय," मावशी म्हणाली.

त्यानं बंदुकीच्या टोकानं झोळीचा पदर बाजूला केला. काळीनं डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. त्यानं बंदूक खाली घेतली. मग हळूच म्हणाला, "भिंतीच्या कडेकडेनं जा."

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर पाठारे एकटेच होते. बाकी कोणी पोचूच शकलं नव्हतं. ते म्हणाले, "पोट उघडावं लागेल. धरायला कोणीतरी हवं." औषधाच्या वासानं कोंडीरामला भोवळ आली, तो बाहेर जाऊन बसला. मावशी उभी राहिली.

पहिलं पिल्लू आडवं अडकून मेलेलं होतं. दुसरं डॉक्टरांनी तिच्या हातात दिलं. निळसर, ओलं, गार.

"फडक्यानं चोळा. जोरानं."

ती चोळत राहिली. काहीच होईना. हात थांबणार, तेवढ्यात त्या बोटभर छातीत काहीतरी हललं. तोंड उघडलं, आणि श्वास आत गेला. मावशीला चार मुलं झाली होती, पण जीव आत येताना तिनं कधी पाहिला नव्हता. पुढे कितीदा तरी तिनं आम्हा पोरांना हे सांगितलं. दर वेळी इथवर आली की आपल्या तळहातांकडे बघत राहायची.

काळी वाचली; ते आणि त्याच्यामागून निघालेली दोन, अशी तीन पिल्लंही जगली. सुट्टीच्या दिवशी मावशी डॉक्टरांकडे जाऊन जखम धुणं, पट्टी बांधणं शिकली. चाळीतली काही माणसं हसली, नळावर बायकांनी नाकं मुरडली. पण गाडीखाली आलेलं, खरजेनं सोललेलं कुत्रं दिसलं की तीच माणसं तिच्या दारात यायची. चावऱ्या कुत्र्याजवळ ती आधी नुसतीच बसायची. मग ते आपणहून पाय पुढे करायचं. आम्ही गॅलरीतून श्वास रोखून बघायचो.

महाराष्ट्र झाला त्या संध्याकाळी सगळी चाळ रस्त्यावर होती. गुलाल, ढोल, फटाक्यांच्या माळा. मी मावशीला बोलवायला गेले. कपाळाला गुलाल लावून ती जिन्याखाली बसली होती. फटाक्यांना घाबरलेली पाच-सहा कुत्री तिला चिकटून थरथरत होती. एकाच्या कानावर तिनं हात धरला होता.

"तू जा," ती म्हणाली. "मला इथनं समदं ऐकू येतंय."