गावपळणीतून थेट लिस्बनला

लिस्बनला जायचा हट्ट माझा. मालवणपासून तासाभरावरच्या आमच्या गावात माझं औषधांचं दुकान आहे. दिवसभर लोकांचे खोकले ऐकायचे आणि दुपारी दुकान सुनं पडलं की मोबाईलवर युरोप हिंडायचा, हा माझा जुना छंद. पॅरिस-रोमला सगळेच जातात. मला जुनी, चढउतारांची, मासे खाणारी आणि खिशाला जरा कमी झोंबणारी राजधानी हवी होती. नवरा प्रदीप ओरोसला सरकारी कचेरीत असतो. रजा मंजूर झाली की तो कुठेही येतो, फक्त कुठे जायचं ते त्याला विचारायचं नाही. आमच्यातल्या तिसऱ्या म्हणजे सासूबाई. वय सत्तरीपुढे, गुडघे शाबूत, जीभ त्याहून शाबूत.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. आम्हाला थेट विमान मिळालं नाही, आखातात बदलावं लागलं. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, त्यासाठी आम्ही मुंबई गाठली. बँकेचे तपशील, विमा, राहण्याचं बुकिंग आणि नोकरी सरकारी असेल तर खात्याची परवानगी, हे सगळं दोन-तीन महिने आधीच हाताशी ठेवा. आम्ही डिसेंबर निवडला. थंडी सोसवेल इतकी, पाऊस अधूनमधून, गर्दी कमी आणि भाडी उतरलेली. सगळं माझ्या मनासारखं जुळलं होतं, आणि तेवढ्यात देवाने गावपळण दिली.

गावपळण ठाऊक नसलेल्यांसाठी सांगते. आमच्याकडच्या काही गावांत चार-पाच वर्षांतून एकदा ग्रामदेवाचा कौल होतो आणि अख्खा गाव तीन दिवसांसाठी वेशीबाहेर राहायला जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, झाडून सगळी. घराला कडी, चुलीत राख, गावात चिटपाखरू नाही. ओढ्यापलीकडे झावळ्यांच्या खोपी बांधायच्या आणि तिथेच रांधायचं, तिथेच झोपायचं. चौथ्या दिवशी मानकरी देवळात जाऊन पुन्हा कौल लावतात. देवाने होकार दिला की ढोल वाजवत सगळे एकत्र घरी. नाही दिला तर मुक्काम वाढतो. तारखा पाहिल्या तर चौथा दिवस नेमका कुडाळहून सुटणाऱ्या आमच्या मुंबईच्या गाडीचा. सकाळी कौल, दुपारी घरी येऊन बॅगा उचलायच्या, संध्याकाळी गाडी. ओढूनताणून का होईना, बसत होतं.

"आणि कौल नाय मिळालो तर?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, मिळतो हो दरवेळी."

"नाय मिळालो तर मी येवचंय नाय. आधीच सांगान ठेवतंय."

मला राग आला. बाईला आयुष्यात पहिल्यांदा सुट्टीवर नेतेय आणि हिचं हे! तसं मी बोलूनही दाखवलं. त्या शांतपणे तांदूळ निवडत म्हणाल्या, "पयल्यांदा कशी गो? माझी सुट्टी म्हणजे गावपळण. तीन दिवस शेण नाय, सारवण नाय. सुमन आणि मी खोपीत पडान गजाली मारतव. ह्या वयात आता पुढची गावपळण माका गावतली काय?" सुमनकाकी म्हणजे आमची शेजारीण आणि सासूबाईंची जन्माची मैत्रीण. लग्न होऊन मला वीसेक वर्षं झाली, पण यांच्या सुट्टीचा विचार माझ्या मनाला कधी शिवला नव्हता.

तर गेलो गावपळणीला. बॅगा भरून, कुलपं लावून घरात ठेवल्या. पासपोर्ट, तिकिटं आणि औषधं मात्र तांदळाच्या डब्यात घालून बरोबर घेतली, कारण माझा कोणावरच विश्वास नाही, देव धरून. तीन दिवस झकास गेले. कुळथाची पिठी, भात, भाजलेला सुका बांगडा, दुपारी झाडाखाली लवंडणं. सासूबाई लुगडं नेसून पायात नवे बूट घालून हिंडत होत्या. लिस्बनला चावू नयेत म्हणून त्यांनी ते इथेच वापरायला काढले होते, आणि सगळी वाडी त्यांना हसत होती.

चौथ्या दिवशी मानकरी परत आले ते मान हलवतच. कौल झाला नव्हता. आणखी एक दिवस! पोरांनी आरोळ्या ठोकल्या, बायकांनी हसत पुन्हा तांदूळ धुवायला घेतले. आमच्या खोपीत मात्र प्रदीपने घड्याळ पाहिलं, संध्याकाळची गाडी होती.

प्रदीप हळूच म्हणाला, "आये, मी जावन बॅगो तेवढे घेवन येतंय. कोण बघता?"

सासूबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तसा तो खाली बसला. मग त्यांनी बूट काढले, शेजारीशेजारी नीट ठेवले आणि म्हणाल्या, "तुम्ही दोघां जावा. माका नको ता लिस्बन." बोलताना चेहरा एवढासा झाला होता. त्यांना जायचं होतं, आमच्याइतकंच जायचं होतं, हे मला तेव्हा कळलं.

सुमनकाकी बाजूच्या खोपीतून सगळं ऐकत होत्या. त्या कमरेवर हात ठेवून आल्या. "अगो, देवान काय सांगल्यान? वेशीभायर रवा. ह्याच खोपीत रवा म्हणान सांगल्यान काय? लिस्बन वेशीच्या आत येता?"

सासूबाई विचारात पडल्या. "नाय येना."

"मग घाल ते बूट. कोंबडे मी बघतंय."

अशा रीतीने आम्ही खोपीतून थेट कुडाळ स्टेशनला गेलो. अंगावरचे कपडे, एक घोंगडी, तांदळाचा डबा आणि गावपळणीची पिशवी. मुंबईत नणंदेने स्वेटर दिले आणि पिशवी तपासून तळातला कोयता काढून घेतला, नाहीतर हे प्रवासवर्णन मला कोठडीतून लिहावं लागलं असतं. भाचीचं गुलाबी टोपीवालं जाकीट सासूबाईंनी लुगड्यावर चढवलं. ते त्यांना इतकं शोभलं की परत मागायची भाचीची छाती झाली नाही.

आखातातल्या विमानतळावर सुमनकाकींचा फोन आला. "कौल मिळालो गो! सगळी घराक इली!" मागे ढोल वाजत होता. सासूबाई खुदकन हसल्या, कोंबड्यांची चौकशी केली, फोन ठेवला आणि जाकिटाची टोपी डोक्यावर ओढून घेतली. "सगळ्यांच्या दारात दिवो," त्या म्हणाल्या, "आपल्याच दारात काळोख. देवान बोलावल्यान आणि मी नाय." मी त्यांचा हात धरून बसले.

लिस्बनमध्ये विमानतळावरून मेट्रो सरळ शहरात येते. आम्ही घर घेतलं होतं आल्फामा भागात. शहरातली ही सगळ्यात जुनी वस्ती. बोळ इतके अरुंद की समोरासमोरच्या खिडक्यांतून मीठ मागावं, आणि पायऱ्या संपता संपत नाहीत. चाकांची बॅग असती तर हाल झाले असते, तेव्हा आमचा कौल चुकला ते बरंच झालं. भाडं गोव्यातल्या बऱ्या हॉटेलाइतकं, वर स्वयंपाकघर. दाराशेजारी आकडे फिरवून उघडायची एक छोटी पेटी होती, तिच्यात किल्ली. मालक शेवटपर्यंत दिसला नाही.

पहिले दिवस रीतसर पर्यटकाचे. किल्ल्यावर जायचं तर सकाळी लवकर जा, तटावरून लाल कौलांचं अख्खं शहर आणि खाली तेजू नदी दिसते. प्रसिद्ध पिवळ्या ट्रामसाठी रांग लागते आणि आत खिसेकापूंची भीती, त्यापेक्षा तिच्या रुळांच्या कडेकडेने चालत जावं. दीड युरोच्या आसपास मिळणारा तिथला कस्टर्ड भरलेला गरम, खुसखुशीत टार्ट, म्हणजे पाश्तेल द नाता, सासूबाईंनी 'खरवसाची चुलतबहीण' म्हणून पास केला. भाजलेला मासा ताटात आला तेव्हा मात्र त्या वेटरकडे कीव केल्यासारखं बघत म्हणाल्या, "मसालो लावूक इसारलो बिचारो." आणि पिशवीतून मालवणी मसाल्याची पुडी काढली. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात छान म्हणजे नदीपलीकडे जाणारी बोट. आम्ही विनाकारण दोनदा गेलो.

मग भेटली लुर्देसबाई. आमच्या बोळात तळमजल्यावर, खिडकीत कोपर टेकून बसलेली. वय सासूबाईंएवढंच. सासूबाई तिथे थबकल्या आणि आमच्याकडच्या कुठल्याही खिडकीशी उभं राहावं तशा उभ्या राहिल्या. मी मोबाईलवर मराठी बोलायचे, तो पोर्तुगीजमध्ये बोलायचा, ती उत्तर द्यायची. थोड्या वेळाने त्या दोघींना मोबाईलची गरज उरली नाही.

लुर्देसबाईने एकेका दाराकडे बोट दाखवून सांगितलं. इथे शिंपी राहायचा. तिथे दोन बहिणी, दोघीही गाणाऱ्या. वरती तिची मावसबहीण. भाडी वाढली, घरं पर्यटकांना जाऊ लागली, एकेक करून सगळी शहराबाहेर गेली. बोळात ती एकटी उरली होती. ज्या ज्या दाराकडे तिने बोट केलं त्या प्रत्येक दाराशेजारी किल्लीची छोटी पेटी होती. शेवटचं दार आमचं. मला कुठे बघावं कळेना.

सासूबाई एकेक दार पाहत होत्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "गो, हेंका कौल कधी मिळतलो?"

मोबाईलला मी एवढंच सांगितलं, "ते परत कधी येणार?" लुर्देसबाईने ऐकलं, मान हलवली आणि खिडकीतून हात काढून सासूबाईंचा गाल थोपटला.

त्यानंतर मी आणि प्रदीप मठ, मनोरे, संग्रहालयं पाहत हिंडलो आणि सासूबाई त्या खिडकीशी. तिने खुर्ची बाहेर दिली. इकडून पेज गेली, तिकडून कोबीचं सूप आलं. काय बोलत असत देव जाणे, पण संध्याकाळी आम्ही परत यायचो तेव्हा दोघी हसत असायच्या. निघताना घोंगडी लुर्देसबाईकडे राहिली.

परत आलो. रिक्षा वेशीपाशी आल्यावर सासूबाईंनी ती थांबवली. "गावपळणीतून माणूस चलान घरात येता," म्हणाल्या आणि उतरून चालू लागल्या. सुमनकाकी वाडीतल्या बायकांना घेऊन वाटेवर उभ्याच होत्या. सगळ्यांनी मिळून आमचं अंगण झाडलं, दार उघडलं, दिवा लावला. ढोल तेवढा नव्हता, पण बाकी काही कमी पडलं नाही. मला लिस्बनमध्ये जितकं बरं वाटलं त्याहून जास्त त्या संध्याकाळी अंगणात वाटलं.

दुसऱ्या दिवशी सोमवार, देवळात गर्दी. सासूबाईंनी गुरवाच्या हातात नारळ दिला आणि कानात बरंच काही सांगितलं.

"गावाचा नाव काय म्हणालंस?" त्याने गोंधळून विचारलं.

"लिस्बन. आणि बायचा नाव लुर्देस. चढणीची गल्ली आसा, देवाक गावतली."

गुरवाने डोळे मिटले, नारळ उंच धरला आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा! तू बोलावलंस तेवा ही तुझी लेक घराक नव्हती. आता सुखरूप इली हा, काय चुकला असात तर पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला.

"आणि थंय लिस्बनाक जी लुर्देस बाय एकटी रवली हा, तिच्या गल्लीतली माणसां परत येवंदेत, तेंच्या दारात पुन्हा दिवो लागांदे रे म्हाराजा!"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मीही म्हटलं, चांगलं मोठ्याने. आठवडाभर त्या गेलेल्यांच्याच एका घरात झोपून आले होते मी.