गाण्यावर पडलेला नंबर

दीपमाला मेश्रामला आता एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे झोप. दिवाळीनंतर ती निवृत्त होणार होती. नागपूरच्या सदर भागातल्या, चष्म्याच्या दुकानावरच्या त्या ग्रंथालयाचा जिना पुन्हा चढायचा नाही, असं वचन तिनं आपल्या गुडघ्यांना देऊन ठेवलं होतं. पण ट्रस्टचे सचिव नागसेनभाऊ, बँकेतून रिटायर झालेले भले गृहस्थ, त्यांनी ऐन शेवटी तिच्या गळ्यात एक काम घातलं.

"मॅडम, आपल्या रेकॉर्डिंगा पुढच्या पिढ्यांले ऐकाले भेटल्या पाहिजेत. काय करा लागते, त्याचा आराखडा लिहून द्या. एकदाचं काम होऊन जाईन."

एकदाचं! दीपमालाला हसूही येईना. हे 'एकदाचं' काम ती नोकरीला लागल्यापासून करत होती. कॅसेटी होत्या तेव्हा त्या उलट्यासुलट्या फिरवून ठेव, पावसाळ्यात बुरशी पूस. मग सीडी आल्या, तर सगळं सीडीवर उतरव. आता सीडी लावायचं यंत्रच बाजारातून गेलं, म्हणून सगळं हार्डडिस्कवर न्यायचं. आवाज तेच, भांडी बदलायची. मोलकरणीला निदान आठवड्याची सुट्टी तरी मिळते.

हे आवाज गोळा केले होते भैय्याजींनी, तिच्या आधीच्या ग्रंथपालांनी, ज्यांच्या हाताखाली ती नोकरीला लागली होती. छप्पनच्या धम्मदीक्षेला जे गावोगावहून पायी, बैलगाडीनं, मिळेल तसे नागपूरला आले होते, त्यांच्याकडे ते टेपरेकॉर्डर घेऊन जात. माणूस बोलायचं ते बोलून घेई आणि शेवटी भैय्याजींची एक ठरलेली विनंती असे: "आता एक गाणं होऊ द्या." जात्यावरचं म्हणा, पाळण्यातलं म्हणा, काहीही. सुरुवातीला लाजणारी म्हातारी गाण्याशी आली की खुलायची. भैय्याजी म्हणत, माणूस खरा ऐकायचा तर शेवटी ऐका. ते वारले, आणि हे सगळं दीपमालावर आलं.

आराखड्यासाठी ती एकेक सीडी कॉम्प्युटरवर उतरवू लागली. पहिली अडकली. दुसरी अडकली. बोलणं सगळं स्वच्छ उतरे आणि गाण्याशी आलं की नुसती खरखर, मग तीही बंद. तिनं गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या केशवरावांना वर बोलावलं. त्यांनी सीडी उजेडासमोर धरली आणि विचारलं, "मॅडम, याच्यावर हे नंबर कोणं टाकले?"

"मी. काहून?"

केशवरावांनी ते समजावून सांगितलं, तेही फार हळू आवाजात. सीडी आतून बाहेर भरत जाते, म्हणजे रेकॉर्डिंगचा शेवट असतो कडेला. आणि आवाज असतो तो वरच्या चकचकीत थरात, ज्या बाजूला आपण लिहितो त्या बाजूला. तिथं बॉलपेन दाबून लिहिलं की थराला जखम होते. आज कळत नाही, पण वर्षं गेली की तो तिथून सुटत जातो.

ग्रंथालयात शिक्का आणि दाखल क्रमांक नसलेली वस्तू बेवारस. हे दीपमाला पहिल्या दिवशी शिकली होती. कागदी चिठ्ठ्या उन्हाळ्यात गळून पडत, स्केचपेन पुसलं जाई, म्हणून तिनं बॉलपेन घेतलं होतं. कडेकडेनं, एका वळणाचे, टपोरे आकडे, चांगले दाबून. भैय्याजींनी ते अक्षर येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवलं होतं. कॅसेटी तर ट्रस्टनं जागा नाही म्हणून कधीच रद्दीत दिल्या होत्या. रागवायचं तरी कोणावर? अक्षर तिचंच होतं.

त्या दिवशी ती जेवली नाही. पण आराखडा तिनं लिहिला. तीन प्रती करा, एक दुसऱ्या इमारतीत ठेवा, दर काही वर्षांनी नव्या साधनावर उतरवा. आणि शेवटी: दरवर्षी कोणीतरी प्रत्येक आवाज अखेरपर्यंत ऐकावा.

नागसेनभाऊंनी सगळं मान्य केलं, एवढं शेवटचं वाक्य मात्र खोडलं. "मॅडम, तुमची जागाच भरून नाही राहिले आपण. ऐकाले माणूस कुठून आणू?" तेही थकलेलेच दिसत होते. ती वाद न घालता उठली.

खरी धास्ती तिला शुक्रवारची होती. शुक्रवारी काटोलहून सिंधूताई येणार होत्या. आईच्या स्मृतिदिनाला त्या दरवर्षी एसटीनं येत, सोबत पिशवीभर संत्री आणत, आणि सीडीवर आईचा आवाज ऐकून परत जात. त्यातही सगळं बोलणं त्यांना नको असे. "गाण्यावर आण वं," म्हणत. गेल्या वर्षी गाणं जरा अडखळलं होतं, तेव्हा दीपमालानं यंत्राला दोन चापट्या मारून वेळ निभावली होती. तेव्हाच कान टवकारायला हवे होते.

सिंधूताई आल्या, पंख्याखाली बसल्या, पदरानं तोंड पुसलं. दीपमालानं आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं. नंबरचं, बॉलपेनचं, सगळं. सिंधूताईंनी सीडीवरच्या त्या टपोऱ्या नंबरावरून बोट फिरवलं.

"तुम्हाले येत असंन ना ताई ते गाणं? म्हणा ना, मी भरून घेतो," दीपमाला म्हणाली.

"नाही येत वं मले," सिंधूताई म्हणाल्या. "पाठच नाही केलं कधी. इथं ठेवलं होतं न. म्हटलं, दीपमालापाशी हाये, ते कुठं जाते."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर दीपमालाला बरं वाटलं असतं. मग तिच्याच तोंडून, बसक्या आवाजात, एक ओळ बाहेर आली. इतकी वर्षं तीच तर ते लावून देत होती, बाजूला उभी राहून.

"पांढऱ्या लुगड्याले माय, लागली वाटची माती..."

"तसं नाही," सिंधूताई झटकन म्हणाल्या. "आई 'माय' लांबवे. माऽऽय." आणि त्यांनी लांबवून दाखवलं. "चालली नागपुराले, लेक धरून हाती." ती लेक म्हणजे त्याच. पुढची ओळ दीपमालाला आठवली, त्याच्या पुढची सिंधूताईंना. एक कडवं दोघींनाही सापडलं नाही, ते गेलं ते गेलंच. उरलेलं दीपमालानं फोनवर भरून घेतलं. आवाज आईचा नव्हता. पण सिंधूताईंनी डोळे मिटून, मान हलवत ते पुन्हा ऐकलं.

"आता याच्यावर नंबर नको टाकू वं बाई," त्या म्हणाल्या. दीपमाला हसायला गेली आणि रडू लागली. सिंधूताईंनी तिच्या पाठीवर हात फिरवला आणि एक संत्रं सोलून तिच्यापुढे धरलं.

जाताना जिन्याच्या तोंडाशी त्या थांबल्या. "पुढल्या साली तू नसशीन म्हणते. मंग लावून कोण देईन?"

नागसेनभाऊंचं नाव दीपमालाच्या ओठांवर आलं होतं. तिनं त्या जिन्याकडे पाहिलं, पायऱ्या होत्या तेवढ्याच होत्या.

"मी येईन ना," ती म्हणाली. "सगळ्यांचेच आवाज ऐकाचे हायेत, शेवटपर्यंत." आणि सिंधूताईंचा हात धरून, दुसऱ्या हातानं कठडा पकडत, ती त्यांना खाली सोडायला निघाली.